दूरच्या खाणी, सौर वीज आणि उद्याच्या उन्हाचा अंदाज

तारेची वीज न पोहोचणाऱ्या खाणींमध्ये सौर वीज कशी वापरतात आणि ती पुढच्या तासाला किंवा उद्या किती मिळेल याचा अंदाज बांधण्यावर कंपन्या पैसा का खर्च करतात, याची माहिती या लेखात दिली आहे. विषय परका वाटेल, पण बाजारकुणंग, दिग्गी, कॅसलरॉक, जोयडा या पट्ट्यातल्या माणसाला खाणही नवी नाही आणि विजेचा प्रश्नही नाही. जुन्या सुपा तालुक्यात मँगनीज निघत असे. दांडेलीत फेरोमँगनीजचा कारखाना होता. घाट उतरला की गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी.

विजेचे म्हणाल तर आपल्या काळी नदीइतकी कामाला लावलेली नदी जवळपास दुसरी नाही. सुपा धरण, नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा ही जलविद्युत केंद्रे आणि खाली कैग्याला २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या. धरणासाठी जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. तरीही पावसाळ्यात जंगलात एखादे झाड तारेवर पडले की वाडीवर अंधार होतो, आणि तार जोडायला माणूस कधी पोहोचेल हे रस्त्यावर अवलंबून असते. दूरच्या खाणीची अडचण याच जातीची आहे, फक्त तिथे अंधाराची किंमत फार मोठी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपला बराचसा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पात आहे (२००७ मध्ये दांडेली-अंशी या नावाने जाहीर झाला, २०१५ मध्ये काळी हे नाव मिळाले). इथे खाणी व्हाव्यात की नाहीत, हा या लेखाचा विषय नाही.

खाणीला वीज कशासाठी लागते

उघड्या खाणीत दगड फोडण्याची यंत्रे, पट्टे आणि पाणी उपसण्याचे पंप हे मोठे गिऱ्हाईक. जमिनीखालच्या खाणीत त्यात हवा खेळती ठेवणारे पंखे आणि माणसे-माल वर आणणारा पाळणा यांची भर पडते. दगड फोडण्याचे यंत्र तासभर थांबले तर उत्पादन बुडते, एवढेच. पंखा थांबला तर माणसे वर काढावी लागतात. पंप थांबला तर खालच्या पातळीवर पाणी चढू लागते आणि यंत्रे बुडतात. म्हणजे काही भार थांबवता येतात, काही थांबवता येत नाहीत. अंदाजाचे सगळे शास्त्र या दुसऱ्या प्रकारच्या भारासाठी आहे.

तार नाही तिथे वीज येते डिझेल जनरेटरवर. चांगल्या भाराने चालणारा मोठा जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये साधारण साडेतीन-चार युनिट देतो. डिझेल टँकरने शेकडो किलोमीटर आणायचे, साठवायचे, त्याची राखण करायची. त्यामानाने ऊन जागेवर फुकट. म्हणून पॅनेल बसवा आणि डिझेल वाचवा, असा हिशेब कोणीही करील. पण तो कागदावर वाटतो तितका सरळ नाही.

राखीव रोकड आणि चालू जनरेटर

बँकेत काम केलेल्याला ही गोष्ट लवकर समजते. शाखेच्या तिजोरीत किती रोकड ठेवायची याला मर्यादा असते. जास्त ठेवली तर ती पडून राहते, तिच्यावर व्याज नाही, वर जोखीम. कमी ठेवली तर काउंटरवर आलेल्या माणसाला परत पाठवावे लागते. त्यामुळे जाणता रोखपाल पगाराची तारीख, पेरणीचे दिवस, चतुर्थीच्या आधीचा आठवडा हे सगळे डोक्यात ठेवून उद्याची गरज ठरवतो. त्याचा अंदाज जितका बरोबर, तितकी पडून राहणारी रोकड कमी.

खाणीत हीच राखीव रोकड म्हणजे कमी भारावर चालू ठेवलेला जनरेटर. समजा एका खाणीचा भार ४ मेगावॅट आहे. दुपारी सौर पॅनेल अडीच मेगावॅट देत आहेत. उरले दीड. जनरेटर एकेक मेगावॅटचे असतील तर दोन पुरतात, तेही ७५ टक्के भारावर, म्हणजे डिझेलला परवडणाऱ्या टप्प्यावर. पण मोठा ढग आला आणि मिनिटभरात सौर वीज अडीचवरून अर्ध्या मेगावॅटवर आली तर? लगेच साडेतीन मेगावॅट लागणार, म्हणजे चार जनरेटर. बंद जनरेटर सुरू होऊन भार घेईपर्यंत वेळ जातो आणि तेवढ्यात सगळी वीज बसते. या भीतीने चालक चारही जनरेटर चालू ठेवतो. मग प्रत्येकावर भार येतो जेमतेम साडेसदतीस टक्के. इतक्या कमी भारावर युनिटमागे डिझेल जास्त जळते, आणि तीस टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चालवले तर इंजिनात काजळी साचते, न जळलेले इंधन धुराड्यात जाते, देखभाल वाढते. पॅनेल भरपूर असूनही डिझेलची बचत अपेक्षेपेक्षा कमी दिसते ती यामुळे.

आता चालकाला खात्रीने सांगितले की पुढची वीस मिनिटे ढग येत नाही, तर तो दोन जनरेटर बंद करू शकतो. ढग दहा मिनिटांवर आला असे कळले तर वेळेत पुन्हा सुरू करू शकतो. मधल्या दोन-तीन मिनिटांची फट बॅटरी भरून काढते. आपल्या उदाहरणात २ मेगावॅट तीन मिनिटे भरून काढायला लागतात फक्त १०० युनिट. तोच ढग दोन तास राहिला आणि सगळा भार बॅटरीवरच घ्यायचा ठरवला तर लागतील ४,००० युनिट. अंदाज असला की बॅटरी लहान चालते, आणि बॅटरीच्या किमती पाहता हा फरक फार मोठा आहे. किती मेगावॅटची पॅनेल बसवली हे सगळे सांगतात. ती पॅनेल असताना किती जनरेटर बंद ठेवता आले, हे मात्र विचारून घ्यावे लागते. माझ्या मते खरा आकडा तोच.

ऑस्ट्रेलियातील दोन खाणी

तारेपासून तुटलेल्या खाणींवर हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो पश्चिम ऑस्ट्रेलियात. पर्थपासून सुमारे ९०० किलोमीटरवर डीग्रूसा नावाची तांब्याची खाण होती. तिथल्या १९ मेगावॅटच्या डिझेल केंद्राला जोडून २०१६ मध्ये १०.६ मेगावॅटचा सौर संच सुरू झाला. पॅनेल ३४ हजारांच्या वर. सोबत ६ मेगावॅटची बॅटरी, पण तिची साठवण फक्त १.८ मेगावॅट-तास. म्हणजे पूर्ण जोराने चालवली तर ती १८ मिनिटांत रिकामी होते. रात्रभर खाण चालवण्यासाठी ती नव्हतीच. ढग आल्यापासून डिझेल सावरेपर्यंतची फट भरणे, एवढेच तिचे काम. वर्षाला सुमारे ५० लाख लिटर डिझेल, म्हणजे गरजेच्या साधारण पाचवा भाग, वाचेल असा तेव्हाचा अंदाज होता.

अ‍ॅग्न्यू या सोन्याच्या खाणीत २०२० मध्ये याच्या पुढची पायरी गाठली गेली. तिथे ४ मेगावॅट सौर, १८ मेगावॅटच्या पाच पवनचक्क्या, १३ मेगावॅटची बॅटरी आणि त्यामागे गॅस व डिझेलची इंजिने अशी जोडणी आहे. आकाशाकडे तोंड केलेले कॅमेरे ढग टिपतात. त्यांचा अंदाज आणि वाऱ्याचा अंदाज पाहून राखीव इंजिने किती ठेवायची हे वेळोवेळी बदलले जाते. गरज पडली तर थांबवता येणारे भार आपोआप कमी केले जातात. वर्षभराच्या सरासरीत निम्म्याहून अधिक वीज ऊन आणि वारा यांतून मिळावी असे तिथले नियोजन आहे. वारा रात्रीही वाहतो, हे त्यात महत्त्वाचे. नुसत्या उन्हावर हा आकडा गाठणे कठीण.

अंदाज कसा बांधतात

मिनिटांचा अंदाज कॅमेऱ्यावरून, तासांचा उपग्रहावरून आणि दिवसांचा हवामानाच्या गणितावरून, अशी ढोबळ विभागणी आहे.

आकाश-कॅमेरा म्हणजे माशाच्या डोळ्यासारखे भिंग असलेला, सगळे आकाश एका चित्रात घेणारा कॅमेरा. थोड्या थोड्या वेळाने घेतलेली चित्रे ताडून ढग कुठे, कोणत्या दिशेने, किती वेगाने चालला आहे हे काढतात आणि त्याची सावली पॅनेलवर कधी पडेल ते सांगतात. नजर दहा-वीस मिनिटांपुढे जात नाही. त्यानंतरच्या काही तासांसाठी उपग्रहाची चित्रे उपयोगी पडतात. आपल्या देशावर इन्सॅट मालिकेतले हवामान उपग्रह नजर ठेवून असतात. उद्या-परवासाठी मात्र हवामान खात्यासारख्या संस्थांची संगणकी गणिते लागतात. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने २०११ पासून देशभर सूर्यप्रकाश मोजण्याची केंद्रे उभारली. पहिल्या टप्प्यात ती ५१ होती. मोजलेला जुना हिशेब नसेल तर कुठलाच अंदाज तपासता येत नाही, म्हणून ही केंद्रे मोलाची.

अंदाजाचा एक भाग मात्र अगदी पक्का असतो. सूर्य कुठे असणार हे पंचांगकर्त्यांना शेकडो वर्षे माहीत आहे. आपली घड्याळे ८२.५ अंश रेखांशावर लावलेली, आणि जोयडा परिसर साधारण ७४.४ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्य आपल्याकडे घड्याळापेक्षा सुमारे ३२ मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. त्यातही वर्षभर फरक पडतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरी दुपार सव्वाबाराच्या सुमारास होते, तर फेब्रुवारीच्या मध्याला पाऊण वाजण्याच्या सुमारास. पॅनेलची सर्वाधिक वीज बारा वाजता मिळेल असे धरून पंप लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि १० ऑगस्टच्या आसपास. दुसऱ्या वेळी तो दिसला तर नशीब.

ग्रहणाचेही तसेच. २६ डिसेंबर २०१९ चे कंकणाकृती सूर्यग्रहण कर्नाटकच्या दक्षिण किनाऱ्यावरून गेले. त्या सकाळी राज्यातली सौर वीज कधी घटणार आणि कधी परत येणार हे आधीच माहीत होते. ढगाच्या बाबतीत अशी सोय नाही.

उष्णतेचाही हिशेब असतो. पॅनेलवर लिहिलेली क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. एप्रिलच्या दुपारी पॅनेल सहज ६० अंशांवर जाते, आणि दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट धरली तर चौदा टक्के वीज तिथेच गेली. म्हणून पाऊस संपल्यानंतरचा स्वच्छ, गार दिवस पॅनेलला भर उन्हाळ्यापेक्षा जास्त मानवतो. खाणीच्या धुळीची घट वेगळी. लोखंड-मँगनीजची तांबडी-काळी धूळ काचेवर बसते आणि दव पडले की चिकटते.

आपले आकाश वेगळे

ऑस्ट्रेलियाचे वाळवंट आणि आपला घाटमाथा यांत मोठा फरक आहे. तिथे बहुतेक दिवस निरभ्र, एखादा ढग हीच अडचण. आपल्याकडे चार महिने सूर्य दिसणे हीच बातमी.

पण अंदाजाच्या दृष्टीने भर पावसाचे दिवस सर्वांत अवघड नसतात. आषाढात आकाश एकसारखे दाटलेले असते. वीज फार कमी मिळते, निरभ्र दिवसाच्या एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी, पण ती कमी मिळणार हे आदल्या दिवशी सांगता येते. चालक जनरेटरची तयारी ठेवून मोकळा होतो. खरी परीक्षा असते वळवाच्या आणि हस्ताच्या पावसाच्या दिवसांत. सकाळी लख्ख ऊन, दुपारी दोननंतर डोंगरावर ढग चढू लागतात, तीनला अंधार, चारला पुन्हा ऊन. ढगाच्या कडेवरून परावर्तित झालेला प्रकाश पडला की पॅनेल काही क्षण निरभ्र दिवसापेक्षाही जास्त वीज देते आणि लगेच कोसळते. अशा दिवशी उद्याची सरासरी बरोबर येऊनही दर पंधरा मिनिटांचा आकडा चुकू शकतो. थंडीत नदीखोऱ्यातले धुके हा आणखी एक स्थानिक प्रकार. ते नऊला विरेल की दहाला, यावर सकाळचा पहिला तास ठरतो. दूरच्या शहरासाठी केलेला अंदाज इथे कामाचा नाही.

घाटातल्या कुठल्याही खाणीची सर्वांत मोठी विसंगती पाण्याची आहे. उपसा जास्तीत जास्त लागतो जून ते सप्टेंबर, आणि सौर वीज कमीत कमी मिळते त्याच महिन्यांत. वाळवंटात असे होत नाही. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये लोखंडाच्या खाणी थांबल्या, पण खड्ड्यांत पावसाचे पाणी साचणे थांबले नाही. ते उपसायचे कोणी आणि कशावर, हा प्रश्न दर पावसाळ्यापूर्वी खालच्या गावांना सतावत राहिला. म्हणजे खाण बंद झाली तरी पंपाचा भार राहतोच. या कामासाठी नुसती सौर वीज सुचवणाऱ्याने जुलैचा आकडा आधी दाखवावा. वर्षाची सरासरी तिथे उपयोगाची नाही.

आपल्या देशातील खाणी आणि चुकीचा दंड

भारतातल्या बहुतेक मोठ्या खाणींना ग्रिडची तार आहे. नागपूरच्या मॉईल कंपनीने आपल्या मँगनीज खाणींवर सौर संच बसवले आहेत आणि मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात पवनचक्क्याही उभारल्या आहेत. तामिळनाडूतील नेव्हेलीच्या लिग्नाइट कंपनीची सौर क्षमता हजार मेगावॅटच्या पुढे गेली आहे. अशा ठिकाणी ढग आला तर ग्रिड सांभाळून घेते. पण ते फुकट नाही.

कर्नाटक वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये मोठ्या सौर आणि पवन प्रकल्पांसाठी नियम केले. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडायचे, प्रत्येक भागात किती वीज देणार ते आदल्या दिवशी कळवायचे आणि दिवसभरात सोळा वेळा सुधारायची मुभा. उपलब्ध क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ. त्यापुढे आयकराच्या टप्प्यांसारखे दर होते. १५ ते २५ टक्क्यांच्या भागाला युनिटमागे ५० पैसे, २५ ते ३५ ला एक रुपया आणि त्यावर दीड रुपया.

उदाहरण घेऊ. १० मेगावॅटचा संच आहे, ८ कळवले आणि ५ दिले. चूक ३ मेगावॅट, म्हणजे ३० टक्के. पहिले दीड मेगावॅट माफ. पुढचा एक मेगावॅट पाव तासासाठी म्हणजे २५० युनिट, ५० पैशांनी १२५ रुपये. उरलेला अर्धा मेगावॅट म्हणजे १२५ युनिट, रुपयाने १२५ रुपये. एका पाव तासाचा दंड २५० रुपये. रक्कम लहान दिसते, पण हस्ताच्या पावसात असे पाव तास रोज किती येतात ते मोजा. चूक जास्तीची असो की कमीची, इथे दंड सारखाच. तार नसलेल्या खाणीत तसे नसते. कमी सांगून जास्त वीज आली तर थोडे डिझेल वाया गेले, जास्त सांगून कमी आली तर पंखे बंद. म्हणून तिथे चालकाला एक आकडा देत नाहीत, ‘बहुधा इतकी, पण निदान इतकी’ अशी जोडी देतात आणि चालक दुसऱ्या आकड्यावर चालतो.

कर्ज देणारा काय पाहतो

हीच जोडी कर्जाच्या फायलीतही असते. वर्षाचे अपेक्षित उत्पादन दोन आकड्यांत मांडतात. पी-५० म्हणजे निम्म्या वर्षांत गाठला जाईल असा आकडा, आणि पी-९० म्हणजे दहापैकी नऊ वर्षांत गाठला जाईल असा. प्रवर्तक पहिला आकडा पुढे करतो. हप्ता दुसऱ्यावर बसवावा. दोन्हींतले अंतर जितके जास्त, तितका त्या जागेचा अभ्यास कच्चा किंवा आकाश लहरी. घाटातल्या जागेसाठी मी वर्षाबरोबर महिन्यांचेही पी-९० मागेन, कारण वर्षाचा आकडा जमला तरी ऑगस्टचा हप्ता ऑगस्टलाच भरायचा असतो.

मुदतीचाही प्रश्न आहे. पॅनेल २५ वर्षे चालते, खनिज तितके टिकेलच असे नाही. डीग्रूसाचे खनिज २०२२-२३ मध्ये संपले, सौर संच सुरू झाल्यापासून जेमतेम सात वर्षांत. खाणीसाठी सौर संचाला कर्ज देताना खनिजाचा साठा किती वर्षांचा, आणि साठा संपल्यावर पॅनेल उचलून दुसरीकडे नेता येतील का, हे दोन प्रश्न कागदावर हवेत.

घरगुती सौर दिव्यांसाठी बँकांनी कर्ज देण्याची सुरुवात आपल्या राज्यात बरीच आधी झाली. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा आणि सिंडिकेट या बँकांबरोबर योजना आखली आणि तिच्यातून हजारो घरांना कर्ज मिळाले. त्या दिव्यांसाठी कोणी आकाश-कॅमेरा लावला नव्हता. घरातली बाईच संध्याकाळी बॅटरीवरचा दिवा पाहून ठरवी, आज मुलांच्या अभ्यासापुरता एकच लावायचा की स्वयंपाकघरातलाही.

आज वाडीवर किंवा होम-स्टेवर तीन-पाच किलोवॅटचा संच बसवणाऱ्या सभासदांनी एक साधी वही ठेवावी. इन्व्हर्टरवर दिवसाची युनिटे दिसतात. रोज ती लिहावीत आणि शेजारी एका शब्दात आकाश: निरभ्र, धुके, वळीव, दाट. सामान्यतः एका किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट धरतात. आपल्या जागेचा जुलै त्या सरासरीच्या किती खाली जातो हे एका वर्षाच्या वहीत दिसेल. बॅटरी किती मोठी घ्यायची आणि जुना जनरेटर विकायचा की ठेवायचा, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून ठरवण्यापेक्षा त्या वहीवरून ठरवलेले बरे.